कात टाकल्यानंतर टॅरांटुलाची काळजी

टॅरांटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, कात टाकण्यासाठी बहुधा पाठीवर उलटा होतो, आणि जुने कवच पूर्ण निघाल्यावरही बराच वेळ पाय पसरून निपचित पडून राहतो. तो मेला, असे समजून त्याला सरळ करण्याचा मोह अनेकांना होतो, पण तसे कधीही करू नये. मेलेल्या टॅरांटुलाचे पाय सहसा शरीराखाली आवळलेले असतात. पाठीवर पडून पसरलेले पाय हे कात टाकण्याचे लक्षण आहे. अंगात पुरेसे बळ आले की तो स्वतःच सरळ होतो.

सर्वप्रथम पेटीत एखादा जिवंत रातकिडा राहिला आहे का ते पाहावे आणि असल्यास लांब चिमट्याने, कोळ्याला धक्का न लावता, काढून घ्यावा. नवे कवच इतके मऊ असते की एरवी भक्ष्य असलेला रातकिडा या अवस्थेतल्या कोळ्याला कुरतडून जिवे मारू शकतो. माझ्या मते या काळातील बहुतेक टाळता येण्याजोगे मृत्यू अशाच निष्काळजीपणातून होतात.

यानंतर महत्त्वाचे आहे ते पाणी. कात टाकताना शरीरातील द्रवाचा दाब वाढवूनच कोळी जुने कवच फोडतो आणि त्याचे पाय पसरतातही याच दाबामुळे, म्हणून झालेली झीज भरून निघण्यासाठी उथळ वाटी स्वच्छ पाण्याने सतत भरलेली ठेवावी. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील रेड नी जातीसाठी पेटीच्या तळाशी पसरलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) एखादा कोपरा ओलसर ठेवला तरी पुरते, तर दमट जंगलांतल्या जातींना अधिक ओलावा लागतो. कोळ्याच्या अंगावर पाणी फवारू नये, आणि पेटी उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये.

पहिले खाणे कधी द्यावे, याचे उत्तर कॅलेंडरपेक्षा विषदंतांकडे पाहून अधिक खात्रीने मिळते. कात टाकल्यावर ते पांढरे असतात, मग लालसर होतात आणि पूर्ण कडक झाल्यावर काळे दिसतात; ते काळे झाल्याखेरीज भक्ष्य देऊ नये. लहान पिल्लांना यासाठी काही दिवस पुरतात, मोठ्या मादीला मात्र 10 ते 14 दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. सुरुवातीचे भक्ष्य नेहमीपेक्षा लहान असावे. कोळ्याने ते नाकारले तर त्याच दिवशी काढून टाकावे आणि काही दिवसांनी पुन्हा द्यावे. कोळी पाणी पीत असेल आणि पोट भरलेले दिसत असेल तर उपवासाची काळजी नसते.

या काळात त्याला हातावर घेणे पूर्णपणे टाळावे. मऊ पोट थोड्या उंचीवरून पडूनही फुटू शकते. एखादा पाय अपुरा किंवा वाकडा राहिला असेल तर तो ओढून सरळ करू नये. गमावलेला पायही पुढच्या एक-दोन कातींनंतर पुन्हा वाढतो. जुनी कात पायाला चिकटून राहिली असेल तर त्या जागी कोमट पाण्याचे थेंब सोडून वाट पाहावी.

टाकलेली कात फेकून देऊ नये. ती पाण्यात भिजवून पोटाचा भाग हळूच उलगडला असता आतल्या बाजूस पुस्तक-फुप्फुसांचे (कोळ्याच्या श्वसनाच्या अवयवांचे) चार पांढरट ठिपके दिसतात आणि पुढच्या दोन ठिपक्यांमध्ये शुक्रकोशाची (मादीच्या शरीरातील शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीची) घडी आढळल्यास ती मादी असते. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील बहुतेक जातींच्या कातीवर खाज आणणारे केस राहतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि डोळे चोळू नयेत. नराच्या पुढच्या पायांवर आकडे आणि तोंडाजवळच्या स्पर्शकांच्या टोकांना फुगीर कंद दिसू लागले तर ती सहसा त्याची शेवटची कात असते. त्यानंतर त्याला काही महिने ते साधारण दीड-दोन वर्षांचेच आयुष्य उरते, तर रेड नीची मादी 20 वर्षांहून अधिक जगू शकते.