ठिणगी पाडणारी कॉइल घरी बनवताना या चुका टाळा

घरी बनवलेली इंडक्शन कॉइल बिघडली म्हणून कोणी माझ्याकडे घेऊन आले की, दुय्यम वेटोळे कसे गुंडाळले आहे, हे मी सर्वांत आधी विचारतो. कारण दोष बहुधा तिथेच निघतो. अशा कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर थोड्या वेढ्यांचे प्राथमिक वेटोळे असते आणि त्यावर हजारो वेढ्यांचे दुय्यम वेटोळे; प्राथमिक वेटोळ्यातला बॅटरीचा प्रवाह पुन्हापुन्हा तोडला की दुय्यम वेटोळ्यात ठिणगी पाडण्याएवढा विद्युत दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. बिघडलेल्या कॉइलमध्ये बारीक तार बॉबिनच्या (तार गुंडाळायच्या रिळाच्या) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेली असते, तशीच परत आणलेली असते आणि असे थरावर थर चढवलेले असतात. दिसायला हे काम सुबक असते, पण उच्च दाबासाठी ते मुळातच चुकीचे आहे.

माझी पहिली मोठी कॉइल मी याच पद्धतीने गुंडाळली होती. 38 गेजची (केसासारखी बारीक) इन्सुलेशनचा लेप असलेली इनॅमल तार, 10 सेंटिमीटर लांबीचे बॉबिन, सुमारे 8,000 वेढे आणि त्यासाठी तीन आठवड्यांच्या संध्याकाळी. पहिल्या दिवशी 12 मिलिमीटरची ठिणगी पडली. तिसऱ्या दिवशी कॉइलच्या आतून चटचट आवाज येऊ लागला, ठिणगी आखडत 3 मिलिमीटरवर आली आणि जळक्या मेणाचा वास सुटला. सगळी तार उलगडल्यावर एका थराच्या अगदी कडेला टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग सापडला. कागदावर हिशेब मांडला तेव्हा कारण स्पष्ट झाले. एका थरात सुमारे 550 वेढे होते आणि दर वेढ्याला अडीच व्होल्ट धरले तरी एका थरावर सुमारे 1,375 व्होल्ट येत होते. थर जिथे वळतो त्याच्या विरुद्ध कडेला लगतच्या दोन थरांमध्ये त्याच्या दुप्पट, म्हणजे 2,750 व्होल्टांचा फरक पडत होता. तो पेलण्यासाठी मी मध्ये एक पातळ कागद तेवढा घातला होता.

तेव्हापासून मी दुय्यम वेटोळे आठ अरुंद कप्प्यांतच गुंडाळतो. एका कप्प्यात 1,000 वेढे बसतात, पण प्रत्येक थरात वेढे 65 च्या आसपासच असल्यामुळे थराथरांतील फरक सव्वातीनशे व्होल्टांवर येतो. मात्र शेजारच्या कप्प्यांमध्ये काही हजार व्होल्टांचा फरक पडतो, म्हणून मधल्या चकत्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणाऱ्या मिलिनेक्सच्या (पॉलिएस्टरच्या इन्सुलेटिंग फिल्मच्या) तीन-चार पदरांच्या करतो. जोडण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याच्या गुंडाळीची दिशा लिहून ठेवावी. एक जरी कप्पा उलटा जोडला गेला, तर त्याचा दाब उरलेल्या दाबातून वजा होतो.

दुसरी चूक घाईची आहे. वितळलेले पॅराफिन वरून एकदा ओतले की काम झाले, असे नवशिक्यांना वाटते, आणि तीन आठवडे गुंडाळलेल्या तारेला तीन तासही न देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवर विद्युत क्षेत्राचा ताण मेणापेक्षा जास्त येतो, तिथे सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात (विद्युत विसर्जन) आणि त्या भोवतालचे इन्सुलेशन पोखरत जातात. मी कॉइल आधी दोन दिवस बल्बच्या उबेत सुकवतो, पावसाळ्यात चार दिवस. मेण थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात वितळवतो, कारण ते पेट घेते. कॉइल त्यात बुडवून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवतो. थंड होताना मेण आकसते, म्हणून भांडे झाकून हळूहळू गार होऊ देतो आणि वरून मेणाची भर घालत राहतो.

प्राथमिक वेटोळ्याचा प्रवाह सतत जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्क पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडत असतील, तर बॅटरीचा दाब वाढवू नये. तिथे कंडेन्सर (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) नसतो किंवा निकामी झालेला असतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझो यांनी 1853 मध्येच तो पॉइंटला समांतर जोडून दाखवला होता: त्याच्याविना प्रवाह ठिणगीतून वाहत राहतो, चुंबकीय क्षेत्र सावकाश कोसळते आणि दुय्यम बाजूचा दाब पडतो. मी 0.22 मायक्रोफॅरडचा, 1,000 व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर लावून सुरुवात करतो आणि पॉइंटवरची ठिणगी सर्वांत लहान होईपर्यंत किंमत बदलून पाहतो.

गाभ्यासाठी लोखंडाची सळई वापरू नये. तिच्यात भोवरे प्रवाह (धातूच्या आतच गोल फिरणारे विद्युत प्रवाह) निर्माण होऊन ती तापते. बांधकामाची काळी बाइंडिंग तार सरळ करून, वार्निश लावून तिची जुडी बांधावी.

घरातील 230 व्होल्टचा पुरवठा किंवा मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर या छंदात कधीही आणू नये. त्या ट्रान्सफॉर्मरचे सुमारे 2,000 व्होल्ट माणसाचा जीव सहज घेतात, आणि ही पळवाट सुचवणाऱ्याशी मी पुढे चर्चा करत नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉइललाही लेडन जार (विद्युतभार साठवणारी काचेची बरणी) जोडल्यास धक्का गंभीर होतो. पेसमेकर बसवलेल्यांनी जवळ थांबू नये. जुन्या निर्वात नळ्या कॉइलला जोडू नयेत, कारण त्यांतून क्ष-किरण निघू शकतात. हात लावण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी आणि मग इन्सुलेटेड मुठीच्या दांड्याने दुय्यम वेटोळ्याची दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत.

टोके फार लांब ठेवून कॉइल चालू करणे ही शेवटची चूक. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की तोच दाब आतले इन्सुलेशन फोडतो. म्हणून दोन सुयांमधले अंतर मी 5 मिलिमीटरवर पक्के करूनच बॅटरी जोडतो आणि ते एकेक मिलिमीटरने वाढवतो; ठिणगी अडखळू लागली की एक मिलिमीटर मागे येऊन तिथेच स्क्रू आवळतो.