राहत्या खोलीचा कॅमेरा कसा करावा आणि त्यात उमटलेल्या उलट्या जगाचे छायाचित्र कसे घ्यावे

अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर, पलंगाच्या वर, आयफेल टॉवर उलटा लटकलेला दिसतो आहे, अशी छायाचित्रे आबेलार्दो मोरेल यांनी काढली आहेत. हवानात जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या या छायाचित्रकाराने १९९१ साली बॉस्टनजवळच्या आपल्या घरातील दिवाणखान्याच्या खिडक्या काळ्या प्लॅस्टिकने झाकल्या आणि त्यात सुमारे एक सेंटिमीटरचे भोक पाडले. समोरच्या भिंतीवर बाहेरची घरे, झाडे आणि आकाश उलटे उमटले, आणि त्या दृश्यासकट खोलीचे छायाचित्र त्यांनी घेतले. या चित्रांत संगणकाची कोणतीही करामत नाही. हे दृश्य त्या खोलीत खरोखरच उपस्थित होते, आणि एक खिडकी व एक मोकळी भिंत असलेल्या कोणत्याही घरात ते उभे करता येते.

यामागचे तत्त्व फार जुने आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे इमारतीच्या शेंड्यावरून निघालेला किरण लहान भोकातून खाली उतरत भिंतीच्या तळाशी पोहोचतो आणि पायथ्याकडून निघालेला किरण वर चढतो. उजवे-डावेही तसेच बदलते. दुपारी झाडाखाली दिसणारे गोल कवडसे म्हणजे पानांमधल्या फटींतून पडलेली सूर्याची चित्रेच असतात आणि खंडग्रास ग्रहणाच्या वेळी तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. गेमा फ्रिसियस या विद्वानाने १५४४ सालचे सूर्यग्रहण आजच्या बेल्जियममधल्या लूव्हाँ येथे अशाच अंधाऱ्या खोलीत पाहिले आणि पुढच्या वर्षी त्याची आकृती छापली. आपल्याकडे हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातही ही किमया पाहायला मिळते. गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या दालनात झरोक्यातून येणाऱ्या प्रकाशाने पूर्वेकडच्या उंच गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते. तिथे गेलेल्यांनी ती पाहिल्याशिवाय परतू नये.

खोली आणि वेळ निवडणे

या कामात सर्वांत जास्त विचार खोलीच्या निवडीवर खर्च करावा, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. खिडक्या जितक्या कमी तितका अंधार करणे सोपे. खिडकीपासून समोरची भिंत तीन ते चार मीटरवर असावी आणि तिचा रंग पांढरा किंवा फिकट असावा. भिंत गडद असेल तर पांढरी चादर इस्त्री करून ताणून लावावी.

खिडकीबाहेर काय आहे, हे त्याहून महत्त्वाचे. नुसते आकाश किंवा नुसता समुद्र असेल, तर भिंतीवर दोन रंगांचे पट्टे एवढेच दिसते. उभ्या रेषा असलेले दृश्य, म्हणजे समोरची इमारत, देवळाचे शिखर, पाण्याची टाकी, माडांची रांग, या प्रकाराला फार खुलते. प्रतिमा किती मोठी पडेल याचा हिशेब सोपा आहे: वस्तूच्या उंचीला भोकापासून भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणावे आणि वस्तूपर्यंतच्या अंतराने भागावे. तीस मीटर उंचीची इमारत चाळीस मीटरवर असेल आणि भिंत चार मीटरवर असेल, तर प्रतिमा तीन मीटर उंच पडते, म्हणजे छताखालची जवळजवळ सगळी भिंत व्यापते. तीच इमारत दोनशे मीटरवर असेल तर साठ सेंटिमीटरचीच होईल आणि पुढे मुद्दाम शोधावी लागेल.

आता सूर्याचा विचार. बाहेरच्या दृश्यावर लख्ख ऊन पडलेले असावे आणि खिडकी मात्र सावलीत असावी. म्हणून पूर्वेच्या खिडकीसाठी दुपारी दोननंतरची वेळ घ्यावी आणि पश्चिमेच्या खिडकीसाठी सकाळची. उत्तरेची खिडकी असेल तर हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर काम करता येते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून, समोरच्या इमारतींवर ऊन टाकत असतो. दक्षिणेची खिडकी सर्वांत अवघड, कारण तिच्यातून दिसणाऱ्या भिंती बहुतेक काळ सावलीत असतात. ढगाळ दिवशी हा उद्योग करूच नये.

अंधार करणे

काळे प्लॅस्टिक हार्डवेअरच्या दुकानात मिळते. शेतीच्या साहित्याच्या दुकानातला काळा-चंदेरी मल्चिंग पेपरही चांगला चालतो. त्याची चंदेरी बाजू बाहेर ठेवल्यास खोली कमी तापते. प्लॅस्टिक उन्हासमोर धरून पाहावे, आणि पलीकडचा उजेड जाणवला तर दुहेरी लावावे. खिडकीच्या चौकटीपेक्षा ते सर्व बाजूंनी एक वीत मोठे कापून रुंद चिकटपट्टीने भिंतीला चिकटवावे. रंग निघण्याची भीती असेल तर रंगारी वापरतात ती कागदी पट्टी आधी लावावी आणि तिच्यावर जाड पट्टी चढवावी.

मग दार लावून, दिवे बंद करून, दहा मिनिटे स्वस्थ बसावे. डोळे सरावले की कुठून कुठून उजेड झिरपतो आहे ते दिसू लागते: दाराखालची फट, एसीच्या नळीचे भोक, एक्झॉस्ट पंख्याची जाळी, कुलपाचे छिद्र, इतकेच काय, स्विचबोर्डवरचा लाल ठिपका आणि इंटरनेटच्या डब्याचे लुकलुकणारे हिरवे दिवेही. दाराखाली जुनी चादर गुंडाळून ठेवावी आणि बाकीच्या जागा पट्टीने बुजवाव्यात. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. भोकातून येणारा प्रकाश इतका थोडा असतो की दाराची एक फट सगळी प्रतिमा धुऊन टाकते.

खोली बंद असल्याने उकाडा होतो. एप्रिल-मेच्या भर दुपारी हे काम करू नये, घरात कोणाला तरी सांगून ठेवावे आणि दाराला आतून कडी लावू नये.

भोक पाडणे

प्लॅस्टिकमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर किंवा थोडे वर, तळहाताएवढा चौकोन कापावा. त्यावर लावण्यासाठी काळ्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे तयार करावेत आणि त्यांत अनुक्रमे दोन सेंटिमीटर, एक सेंटिमीटर आणि पाच मिलिमीटर व्यासाची गोल भोके पाडावीत. कडा स्वच्छ असाव्यात. कातरताना राहिलेले धागे प्रतिमा मऊ करतात. काचेची खिडकी उघडी ठेवता आली तर उत्तम, नाहीतर काच आधी पुसून घ्यावी. जाळी किंवा गज मध्ये येत असतील, तर भोक दोन गजांच्या मधोमध येईल अशी जागा धरावी.

सुरुवात दोन सेंटिमीटरच्या भोकाने करावी. प्रतिमा धूसर पण पुरेशी उजळ दिसते आणि कुठे काय पडले आहे ते कळते. मग एक सेंटिमीटरचा पुठ्ठा लावावा. व्यास निम्मा केला की प्रकाश चौथाई होतो आणि कडा साधारण दुप्पट रेखीव होतात. हे असेच पुढे चालू राहत नाही. साडेतीन मीटरवरच्या भिंतीसाठी भोक सुमारे अडीच मिलिमीटरपेक्षा लहान केले, तर प्रकाश कडांवरून वळून पसरू लागतो आणि प्रतिमा पुन्हा बिघडते. त्या मर्यादेपर्यंत जाण्याची गरजही नसते, कारण तिथे डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. घरातल्या खोलीसाठी एक सेंटिमीटर हा माझ्या मते सर्वांत समंजस आकार आहे.

पुठ्ठा लावल्यावर लगेच निराश होऊ नये. उन्हातून आलेल्या डोळ्यांना भिंत पहिली काही मिनिटे कोरीच वाटते. पंधरा मिनिटे थांबावे, मोबाइलकडे पाहू नये. आधी आकाशाचा फिकट पट्टा भिंतीच्या खालच्या भागात जाणवतो, मग इमारतीच्या कडा, मग झाडांची हालचाल. रस्ता छताजवळ असतो आणि त्यावरून रिक्षा चाके वर करून, उलट दिशेने जाताना दिसतात. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला किल्ल्याजवळच्या मनोऱ्यात असेच हलते चित्र, आरसा आणि भिंगाच्या साहाय्याने, पांढऱ्या गोल टेबलावर पाडून दाखवतात, आणि पाहणारे लोक रस्त्यावरच्या चालत्या माणसांना कागदाच्या तुकड्यावर अलगद उचलून घेतात. भिंतीसमोर पांढरा पुठ्ठा धरून हाच खेळ घरीही करता येतो. लहान मुलांना तो फार आवडतो.

खोली मांडणे

छायाचित्र घेण्याची घाई होते, पण खरी कला या टप्प्यावर आहे. खोली रिकामी करू नये. कोऱ्या भिंतीवरची उलटी इमारत हा विज्ञानाचा प्रयोग झाला. तीच इमारत उशीवर, घड्याळावर, कपाटाच्या दारावर, वाळत टाकलेल्या साडीवर सांडली की त्याचे चित्र होते. मोरेल यांच्या छायाचित्रांचे बळ मला यातच दिसते. बाहेरचे विराट जग आणि कोणाची तरी झोपायची जागा एकाच पृष्ठभागावर येतात आणि पाहणाऱ्याला दोन्हींचा नव्याने विचार करावा लागतो.

म्हणून खोलीतल्या वस्तू एकेक करून हलवून पाहाव्यात. फिकट, मोठ्या आणि साध्या वस्तू प्रतिमा धरून ठेवतात. चकचकीत आणि गडद वस्तू ती गिळतात. पलंगावर पांढरी चादर घालावी. आरसा झाकावा. फ्रेम केलेले फोटो काढून ठेवावेत, कारण त्यांच्या काचा प्रतिमेला खिंडारे पाडतात. प्रतिमेतील मुख्य गोष्ट, समजा देवळाचे शिखर, भिंतीवर नेमकी कुठे यायला हवी ते ठरवून भोक एक-दोन वीत वर, खाली किंवा बाजूला सरकवावे. त्याने तिची आणि खिडकीबाहेरच्या जवळच्या वस्तूंची भिंतीवरची एकमेकांच्या तुलनेतली जागाही बदलते. सगळे मनासारखे झाल्याशिवाय कॅमेरा काढू नये.

छायाचित्र घेणे

कॅमेरा भोकाच्या खाली किंवा बाजूला, पण शक्य तितका खिडकीजवळ, ट्रायपॉडवर ठेवावा. भोकातून निघणाऱ्या किरणांच्या वाटेत तो आला तर त्याची सावली चित्रात पडते. रुंद कोनाचे भिंग वापरावे. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस जमत नाही, म्हणून भिंतीजवळच्या एखाद्या वस्तूवर विजेरी धरून फोकस करावा, तो कुलूपबंद करावा आणि विजेरी विझवावी. पंखा बंद ठेवावा. प्लॅस्टिक फडफडते आणि ट्रायपॉड थरथरतो.

लख्ख उन्हात, एक सेंटिमीटरच्या भोकासाठी आणि साडेतीन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीसाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ८००, छिद्रमान (भिंगाचे छिद्र किती उघडे, याचा आकडा) एफ ४ आणि ३० सेकंद यांपासून सुरुवात करावी. दोन सेंटिमीटरच्या भोकाला त्याच्या चौथाई, म्हणजे सुमारे ८ सेकंद पुरतात. मोबाइलमध्ये प्रो मोड, म्हणजे हे आकडे हाताने ठरवण्याची सोय, असेल तर तोही चालतो, कारण त्याचे भिंग अधिक प्रकाश घेते. मात्र तो हातात धरू नये, स्टँडवर ठेवून टायमरने सुरू करावा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावी, म्हणजे भिंतीच्या रंगाची छटा नंतर सुधारता येते. भिंती फिकट पिवळ्या असतील तर हे फार उपयोगी पडते.

मोरेल यांना सुरुवातीला फिल्मवर एकेका चित्रासाठी पाच ते दहा तास द्यावे लागत. कॅलिफोर्नियात २००६ साली काही छायाचित्रकारांनी लढाऊ विमानांच्या रिकाम्या हँगरचाच कॅमेरा केला, तेव्हा सुमारे सहा मिलिमीटरच्या भोकातून सुमारे ३४ मीटर रुंद प्रकाशसंवेदनशील कापडावर चित्र उमटायला ३५ मिनिटे लागली. इतक्या वेळात चालती माणसे आणि वाहने चित्रातून नाहीशी होतात. वर्दळीचा रस्ता निर्मनुष्य हवा असेल तर आयएसओ १०० आणि एफ ८ ठेवून सुमारे पंधरा ते सतरा मिनिटे झडप उघडी ठेवावी. रहदारी दिसायला हवी असेल तर वेळ कमी करून आयएसओ वाढवावा.

छायाचित्र संगणकावर उलटे फिरवून बाहेरचे जग सरळ करण्याचा मोह टाळावा. खोली सरळ आणि जग उलटे, यातच चित्राचा प्राण आहे. प्रतिमा सरळच हवी असेल तर मोरेल यांनी नंतरच्या काळात केले तसे भोकापाशी लोलक बसवणे हा प्रामाणिक मार्ग.

भिंग लावून रंग उजळणे

भोकाने समाधान झाले नाही, तर चष्म्याच्या दुकानात +०.५० किंवा +०.२५ नंबरची, न कापलेली गोल काच मागावी. एकाला नंबराने भागले की मीटरमध्ये अंतर मिळते: +०.५० ची काच दूरचे दृश्य दोन मीटरवर रेखीव पाडते, +०.२५ ची चार मीटरवर. दृश्य जवळ असेल तर पडदा थोडा मागे न्यावा लागतो. वीस मीटरवरच्या झाडासाठी +०.५० च्या काचेला सुमारे सव्वादोन मीटर लागतात. भिंत त्या अंतरावर नसेल, तर पांढरी चादर दोरीवर टांगून पुढे-मागे करावी. काचेवर तीन सेंटिमीटरच्या भोकाचा पुठ्ठा लावल्यास कडांकडची अस्पष्टता कमी होते. या काचेने प्रतिमा इतकी उजळते की साड्यांचे रंग आणि पाट्यांची अक्षरेसुद्धा ओळखू येतात.

भिंगावर थेट ऊन येऊ देऊ नये. ते प्लॅस्टिक, पडदे किंवा गादी पेटवू शकते. भोकातून किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि काम झाल्यावर भिंग काढून ठेवूनच खोलीबाहेर पडावे.

प्रत्येक चित्राची तारीख, वेळ, भोकाचा व्यास आणि कॅमेऱ्याची मांडणी वहीत लिहून ठेवावी. सूर्य रोज थोडा सरकतो, आणि जानेवारीत दुपारी तीनला समोरच्या भिंतीवर पडणारी गच्चीची सावली मेमध्ये त्याच वेळी तिथे नसते. त्या नोंदी हाताशी असल्या की पुढच्या ऋतूत तीच खोली वेगळ्या प्रकाशात पुन्हा मांडता येते.