सायलेन्सरचा गंजलेला स्टड काढताय? आधी या चुका टाळा

आमच्याकडे कोकणात किनाऱ्याला बाइक तीन-चार पावसाळे उघड्यावर राहिली की सायलेन्सरचे नट आणि स्टड (बिनडोक्याचा आट्यांचा दांडा, एक टोक इंजिनात, दुसऱ्यावर नट) एकजीव होऊन बसतात, नट कुठे संपला आणि स्टड कुठे सुरू झाला तेसुद्धा दिसत नाही. खारी हवा, पाणी, त्यात इंजिनचं रोजचं तापणं आणि गार होणं. लहान बाइकला हे स्टड बऱ्याचदा ६ एमएमचेच असतात, म्हणजे करंगळीपेक्षा बारीक, आणि बसलेले ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात. घाई केली तर थोडक्या पैशाच्या स्टडपायी अख्खं हेड उतरवायची वेळ येते, माझ्यावर आलीये.

पहिली चूक पान्याची. गंजाने खाल्लेल्या नटावर फिक्स पाना किंवा बारा कोनी गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) लावली की कोपरे गेलेच समजा. आधी वायर ब्रशने नट लख्ख घासा आणि सहा कोनी गोटी हातोडीने हलकं ठोकून घट्ट बसवा. गोल झालाच तर ग्रिप प्लायरने कुस्ती खेळू नका, नट उभा चिरून छिन्नीने फोडा, नट गेला तर गेला, स्टड वाचला पाहिजे.

दुसरी चूक म्हणजे स्प्रे मारला की लगेच पाना. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते म्हणून तो आट्यांत फुगून बसतो, तेलाला आत शिरायला फटच नसते. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, जाम नटाला पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे बारीक फटीत शिरणारं तेलच घ्या. संध्याकाळी मारा, नटाच्या डोक्यावर हातोडीने दहा-वीस हलके ठोके द्या म्हणजे गंजाला तडे जातात, झोपताना परत मारा, पाना सकाळी.

आता खरी गोष्ट. माझ्या हातून तुटलेले बहुतेक स्टड जाम असताना तुटलेले नाहीत, ते तुटले नट सुटल्यानंतर. कटकन आवाज येतो, नट पाव आटा फिरतो, आपल्याला वाटतं जिंकलो आणि आपण त्याच जोराने पुढे खेचत राहतो, पण त्या पाव आट्यात गंजाचा चुरा पुढच्या आट्यात जाऊन दाबला गेलेला असतो. तिथे हाताला नीट लक्ष द्या. पाना फिरतोय पण जोर एकसारखा लागत नाही, रबर पिळल्यासारखं वाटतंय, म्हणजे नट जागेवरच आहे आणि स्टड पिळतोय, अजून थोडं खेचलं की तो गेला. तिथेच थांबा आणि नट परत आवळायच्या दिशेने फिरवा, तेल टाका, पाव आटा पुढे, थोडा मागे, परत पुढे. लालसर चिखल बाहेर यायला लागला की समजा काम होतंय. एका नटाला अर्धा तास गेला तरी जाऊ दे.

नटच हलत नसेल तर नट तापवा. हेडमधला स्टड निघत नसेल तर स्टड नाही, भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा, ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं आणि पकड सैल होते. पेट्रोलची टाकी आधी उतरवा, तेल पुसून घ्या आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेजवळ ज्योत अजिबात नेऊ नका, काही ब्रेक क्लीनरमधून जीवघेणा वायू निघतो. तापलेल्या हेडवर गार पाणी तर कधीच नाही.

तुटलाच आणि थोडा बाहेर राहिलाय तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड मारून घ्या, बॅटरीच्या वायरी काढून. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही आणि त्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. जरा गार होऊ द्या, मग मागे-पुढे करत काढा.

आतच तुटला असेल तर माझी चूक करू नका. मी तोंड कानशीने सपाट केलं नाही, सेंटर पंच मारून मधोमध खड्डाही पाडला नाही, ड्रिल घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरलं, आणि त्याच वाकड्या भोकात मी इझी आउट (तुटलेला स्टड आतून पकडून बाहेर फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालून पिळला. तो आतच तुटला. जो स्टड अख्खा असताना पान्याने निघाला नाही तो त्याहून बारीक, काचेसारख्या ठिसूळ इझी आउटने कसा निघेल? आणि तो इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला लागतच नाही.

शेवटी तुरटीने काम केलं, किराणा दुकानातली साधी तुरटी. तिचं गरम पाणी लोखंड हळूहळू खातं, ॲल्युमिनियमला फारसं काही करत नाही. पण हेड पाण्यात बुडवायचं नाही हां, वॉल्व्हच्या सीट लोखंडाच्या असतात, त्याही खाल्ल्या जातील. मी हेड उतरवून भोकाभोवती एमसीलचं आळं केलं, झाडाला करतो तसं, त्यात ड्रॉपरने दाट तुरटीचं पाणी भरलं, दर काही तासांनी बदललं, हेअर ड्रायरने गरम ठेवलं. बारीक बुडबुडे येत राहतात. चौथ्या दिवशी काळा गाळ सुईने खरवडला तर खाली आटे दिसले, एका बाजूचे माझ्या ड्रिलने गेलेले, तिथे हेलिकॉइल, म्हणजे नवीन आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवून घ्यावी लागली.

आटे शाबूत असतील तर ६ बाय १ चा टॅप (६ एमएम जाडीचं, १ एमएम आट्याचं आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून साफ करा, पण हेड जागेवर असेल तर त्याआधी एक्झॉस्टच्या तोंडात कापड कोंबा, चुरा वॉल्व्हवर पडला की नवीनच दुखणं. नवीन स्टडला कॉपर अँटी सीझ (आटे जाम होऊ न देणारी तांब्याची पेस्ट) लावा आणि वर नट पितळेचे घ्या. माझे दोन पावसाळे झाले, परवा साध्या रिंग पान्याने सुटले.