लिनक्सवर जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर: या चुका टाळा

कागदावर भलतंच काही उमटलं की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो आणि मग एकामागून एक ड्रायव्हर टाकून बघणं सुरू होतं. खरं तर लिनक्सच्या कप्स या छपाई यंत्रणेसोबत मिळणारे ‘एप्सन ९-पिन’ आणि ‘एप्सन २४-पिन’ (पिन म्हणजे छपाईच्या हेडमधली, रिबनवर आपटून ठिपका उमटवणारी सुई) हे दोन साधे ड्रायव्हर बऱ्याच प्रिंटरना पुरतात, कारण इतर कंपन्यांचे कितीतरी प्रिंटरही एप्सनची ईएससी/पी भाषा समजतात. घोळ बहुधा ड्रायव्हरच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो.

तो कुठे आहे हे प्रिंटरच सांगू शकतो. बऱ्याच एप्सन मॉडेलांवर एलएफ/एफएफचं (कागद पुढे सरकवणारं) बटण दाबून ठेवून प्रिंटर चालू केला की सेल्फ-टेस्ट छापली जाते. तीच नीट आली नाही तर संगणकाला हात लावू नका. लोड/इजेक्टचं बटणही सोबत दाबून चालू केला तर हेक्स डंप मिळतो, म्हणजे केबलमधून आलेला प्रत्येक बाइट आकड्यांत छापून येतो. ड्रायव्हरमधून आलेलं काम सहसा ‘१बी ४०’ या रीसेट आज्ञेने सुरू होतं. ती दिसली तर केबल ठीक आहे. इतकी उपयोगी सोय असूनही लोक ती वापरत नाहीत, याचं नवल वाटतं.

पिना न मोजता ड्रायव्हर निवडणं

एप्सनच्या एलएक्स आणि एफएक्स मालिका ९ पिनांच्या, एलक्यू २४ पिनांची. २४ पिनांचा ड्रायव्हर ९ पिनांच्या प्रिंटरला दिला तर नुसता कचरा छापला जातो. उलट केलं तर छपाई होते, पण उभी ताणलेली. ९ पिनांचा प्रिंटर ज्या आज्ञेवर इंचाला ७२ ठिपके उभे मांडतो, त्याच आज्ञेवर २४ पिनांचा ६० मांडतो. पिना बरोबर असूनही कचराच येत असेल, तर प्रिंटर आयबीएम मोडमध्ये, म्हणजे एप्सनऐवजी आयबीएमची भाषा समजणाऱ्या मोडमध्ये आहे का ते बघा.

मराठी मजकूर रॉ पाठवणं

रॉ छपाई, म्हणजे ड्रायव्हर वगळून मजकूर थेट प्रिंटरला पाठवणं, झपाट्याने होते, कारण अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या रॉममधून (कायमच्या मेमरीतून) येतात. त्या रॉममध्ये सहसा देवनागरी नसते. युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन बाइट लागतात, त्यामुळे ‘मराठी’ या एका शब्दाचे पंधरा बाइट होतात आणि त्या जागी विचित्र चिन्हांची रांग उमटते. शिवाय त्यातले काही बाइट जुन्या प्रिंटरना आज्ञा वाटू शकतात. म्हणून देवनागरी मजकुराची पीडीएफ करा आणि ड्रायव्हरमधूनच छापा. वेळ लागेल, आवाजही होईल, त्याला इलाज नाही.

मात्र फॉन्ट विचारपूर्वक निवडा. ९ पिनांच्या प्रिंटरवर इंचाला ७२ ठिपके, म्हणजे एका पॉइंटला एकच ठिपका. १० पॉइंटच्या अक्षराला शिरोरेषा, वेलांटी, उकार सगळं धरून उंचीत जेमतेम दहा ठिपके मिळतात आणि जोडाक्षरांचा गिचमिडा होतो. १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका, जाड रेघेचा फॉन्ट घ्या, रंग पूर्ण काळा ठेवा. करडा रंग ठिपक्याठिपक्यांत विखुरतो. २४ पिनांवर इंचाला १८० ठिपक्यांचं रिझोल्यूशन निवडलं तर त्याच १४ पॉइंटला ३५ ठिपके मिळतात. मराठीसाठी मी तोच प्रिंटर सुचवेन.

इंग्रजी आणि आकड्यांचे अहवाल मात्र खुशाल रॉ पाठवा. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत गेल्या तर फाइलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त लाइन-फीड (पुढच्या ओळीवर जा) आहे, कॅरेज-रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत जा) नाही. ‘युनिक्स-टू-डॉस’ने फाइल बदलून घ्या. याउलट दोन ओळींत एक रिकामी ओळ येत असेल तर प्रिंटरचा, आपणहून लाइन-फीड जोडणारा ऑटो-एलएफ स्विच बंद करा.

कागदाचं माप ए४ वरच ठेवणं

सलग घडीचा कागद सहसा ११ किंवा १२ इंचांचा असतो, ए४ मात्र ११.६९ इंच. १२ इंची कागदावर दर पानाला सुमारे ८ मिलिमीटरची चूक साठत जाते आणि काही पानांनी मजकूर घडीवर येतो. ड्रायव्हर आणि प्रिंटर दोन्हीकडे माप सारखं करा. प्रिंटर चालू असताना कागदाचा नॉब हाताने फिरवू नका, पानाची सुरुवात कुठे आहे हे तो विसरतो.

चित्राची छपाई मध्येच रद्द केली तर प्रिंटर उरलेल्या बाइटची वाट बघत राहतो आणि पुढच्या कामाची सुरुवात गिळतो. रद्द केल्यावर प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. रांगच थांबली असेल तर ‘एलपीस्टॅट’ने स्थिती बघा आणि ‘कप्स-एनेबल’ने ती पुन्हा सुरू करा.

रिबनला शिक्क्याची शाई लावू नका. रिबनची शाई पिनांना वंगण पुरवते, शिक्क्याची शाई मात्र हेडमध्ये वाळून पिना अडकवू शकते. प्रत्येक ओळीत एकाच उंचीवर आडवी पांढरी रेघ दिसत असेल तर एखादी पिन अडकली किंवा तुटली आहे. तिथे हेड साफ करायचं किंवा बदलायचं, ड्रायव्हर नाही.