आफ्रिकन गोगलगाय पाळताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये हिच्यासाठी परवाना लागत नाही, खर्चही बेताचा. पोरांनी हट्ट धरला की आईबाप दोन आणून देतात आणि पुढचे प्रश्न मला विचारतात. बरं, प्रश्नही तेच ते.

सगळ्यात जास्त घोळ अंड्यांचा. "दोन्ही माद्याच आहेत," असं दुकानदार सांगतो आणि लोक निर्धास्त होतात. अहो, या गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात. दोन ठेवल्या की दोघीही अंडी घालू शकतात, एका खेपेला शंभराच्या वर. एकटी आणलेली असली तरी आधीच्या जोडीदाराचं बीज ती साठवून ठेवते.

ओळखीतलं एक कुटुंब महिनाभर पुण्याला गेलं. शेजारीण रोज काकडी टाकायची, पण अंडी शोधायला माती कोण उकरणार? परत आले तर झाकणाच्या भोकांतून पिल्लं बाहेर पडून पडद्यावर, भिंतीवर, अगदी टूथब्रशच्या कपातही. "कुणाला देऊ?" म्हणून फोन. कुणालाच नको असतात! माझा शिरस्ता असा: आठवड्यातून एकदा तळापर्यंत माती चाळायची. भिजवलेल्या साबुदाण्याएवढी पिवळट अंडी दिसली की पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये, मग कचऱ्यात. बागेत टाकायची नाहीत, जिवंत गोगलगायही सोडायची नाही. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. "थंडीत मरतीलच की" हा युक्तिवाद मला ऐकवू नका. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला नेल्या, आजीने त्या बागेत सोडल्या, आणि फ्लोरिडाला त्या निपटायला काही वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. आपल्याकडेही १८४७ मध्ये कलकत्त्यात अशाच सोडल्या होत्या. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं कुणी फस्त केली, ते गावाकडे विचारा. तिथे ही पाळायची गोष्टच नाही.

दुसरी चूक, शंख धरून उपटणं. काचेला चिकटलेली असताना ओढली तर आतला मऊ भाग फाटतो, आणि वाढत्या शंखाची कड तर बोटाने दाबली तरी मोडते. पायाखाली कोमट पाणी सोडा, थांबा, बोट हळूच सरकवा. मिनिटभर धीर नसेल त्यांनी पोपट पाळावा. तो निदान चावून शिकवतो.

हीटमॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, पेटीखाली नको, बाजूच्या काचेला लावा, थर्मोस्टॅटसकट. उकडलं की गोगलगाय मातीत खोल जाते. तिथेच तवा असेल तर काय करेल बिचारी? २२ ते २५ अंश पुरे.

समुद्रफेस (कटलफिशचं हाड) पेटीत कायम ठेवा, कॅल्शियमशिवाय शंख झिजतो. मीठ लावलेलं काही नको, तांब्याचं भांडं नको. बागेतली माती नको, त्यात काय फवारलंय कोण जाणे, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरा.

शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद झालं म्हणजे मेली असं नाही. बहुधा पेटी कोरडी पडलीय. पाणी शिंपडा, पापुद्रा खरवडू नका. मेली असेल तर दुसऱ्या दिवशी वासच सांगेल.

हात लावून झाल्यावर साबणाने धुवा, पोरांचेही.