टिपवर हप्ता बांधू नका

बांदा-सावंतवाडीकडची पोरं पणजीच्या कॅसिनोत डीलर, म्हणजे जुगाराचं टेबल चालवणारा, व्हायला येतात, त्यांना मी हल्ली शिकवतो. पहिल्या दिवशी पत्त्यांना हात लावू देत नाही. सतराचा पाढा म्हणायला लावतो.

हसू नका. रूलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, आकडा सरळ लागला तर ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवरची चिप (पैशांऐवजी लावायची चकती) १७ पट. आकड्यावर एक आणि चार रेघांवर चार चिपा असल्या तर पस्तीस अधिक सतरा चोक अडुसष्ट, एकशे तीन. समोर चौघं ओरडत असताना हे तोंडातून निघालं पाहिजे. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळातले दीडपट म्हणजे आजोबांची दिडकीच. 'महिन्यात डीलर' छाप कोर्सला पैसे घालू नका. निवड झाली की आमच्याकडे हे फुकट शिकवतात. टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवायचे, हातात चिप लपवलेली नाही म्हणून, ही सवय आठवड्यात लागते.

मी फसलो टिपमध्ये. टिप पेटीत जाते, मग सगळ्यांत वाटतात. माझ्या पहिल्या डिसेंबरात ती पगाराएवढी झाली. मला वाटलं, आपला पगारच दुप्पट. बीकॉमचं शेवटचं वर्ष सोडलं, हप्त्यावर बाईक घेतली, पर्वरीत महागडी खोली घेतली. जूनमध्ये पाऊस लागला, टेबलं ओस, टिप चहापुरती. तरी शहाणा झालो नाही, म्हटलं दिवाळीत भरून निघेल. निघालंही, तेच वाईट झालं.

मार्च २०२० मध्ये मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी बंद झाल्या, त्या १ नोव्हेंबरला निम्म्या गिऱ्हाइकांवर उघडल्या. हप्ते सहा महिने पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज चढतच होतं. कर्ज मागायला गेलो तर बँकवाला म्हणाला, पगारपत्रक दाखवा. त्यावर टिप कुठे असते? मूळ पगारात खोलीभाडं आणि हप्ता दोन्ही बसेनात. बाईक विकली.

म्हणून सांगतो, खर्च मूळ पगारावरच बांधा. टिप वेगळ्या खात्यात टाका आणि विसरा. घाबरू नका, काम चांगलं आहे, मीही अजून इथेच आहे. फक्त 'इथे डिग्री कोण बघतो' म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. माझ्या त्या सीनियरकडे दोन फ्लॅट होते, वडिलांचे.

मी पुढे मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं. शेवटच्या पेपरला रात्रपाळी करून थेट गेलो. पेपर दिला, उठलो, टाळी वाजवली आणि तळवे दाखवले. पर्यवेक्षकांनी माझे खिसे तपासले.