शासकीय हमीचे उद्योगकर्ज : अर्ज करण्यापूर्वी

शासकीय योजनेतील कर्ज म्हणजे शासनाने दिलेले पैसे, अशी समजूत नाशिकमध्ये अजूनही अनेकांची आहे आणि अर्जदारांच्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. पैसे बँकेचे असतात. शासन त्या कर्जाची हमी घेते किंवा प्रकल्पाला अनुदान देते. यांपैकी आपल्याला कशाची गरज आहे, हे ठरवूनच शाखेत जावे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क करणाऱ्याकडे कामाच्या ऑर्डरी असतात, पण तारण ठेवायला मालमत्ता नसते. अशांसाठी भारत सरकार आणि सिडबी (भारतीय लघुउद्योग विकास बँक) यांनी २००० साली पतहमी न्यास स्थापन केला. बँकेत तो ‘सीजीटीएमएसई’ या नावाने ओळखला जातो. १ एप्रिल २०२५ पासून त्याची हमी १० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला मिळू शकते. मात्र ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकून खाते बुडीत गेले, तर न्यास बँकेच्या नुकसानीचा ठरलेला हिस्सा भरून देतो. आपले देणे त्यामुळे फिटत नाही, वसुली चालूच राहते आणि सिबिलवरील, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासातील, नोंदही टळत नाही. कर्जातून घेतलेले यंत्र बँकेकडे नजरगहाण राहते, म्हणजे ताबा आपला पण हक्क बँकेचा, शिवाय हमीचे वार्षिक शुल्क बहुधा कर्जदारावरच पडते.

गरज लहान असेल तर मुद्रा योजना पुरते. ‘शिशु’ ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ १० लाखांपर्यंत. ‘तरुण’ कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. येथे तारण लागत नाही, पण मुद्रा योजनेत अनुदानही नाही, हे आवर्जून सांगावे लागते.

अनुदान हवे असेल तर पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम पाहावा. त्यातले पहिले कर्ज नव्या उद्योगालाच मिळते आणि उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांची आहे. समजा, निफाड तालुक्यातील एका खेड्यात बेदाण्याचा २० लाखांचा प्रकल्प उभारायचा आहे. सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाने १० टक्के, म्हणजे २ लाख स्वतःचे घालायचे आणि १८ लाख बँक देते. ग्रामीण भागासाठी २५ टक्के, म्हणजे ५ लाख अनुदान येते. परंतु ते हातात पडत नाही. बँक ते तीन वर्षे ठेव म्हणून बाजूला ठेवते, त्यावर व्याज देत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज आकारतही नाही. उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची तपासणी झाल्यावर ती रक्कम कर्जखात्यात वळती होते. त्याच प्रकल्पासाठी अर्जदार महिला असेल, तर स्वतःचा वाटा १ लाख आणि अनुदान ७ लाख होते. एवढा फरक असला, तरी केवळ अनुदानासाठी घरातील स्त्रीचे नाव पुढे करू नये. कर्ज तिच्याच नावावर चढते, म्हणून व्यवहारही तिच्याच हाती असावा. जमिनीची किंमत या प्रकल्पखर्चात धरता येत नाही.

या अर्जांची माहिती सातपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची शासकीय नोंदणी, ऑनलाइन आणि विनामूल्य होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. यंत्राचे कोटेशन, बँक खात्याचे उतारे, जागेचा भाडेकरार आणि असल्यास जीएसटी विवरणे एकत्र ठेवावीत.

सर्वांत जास्त वेळ प्रकल्प अहवालाला द्यावा. तयार नमुन्यात आकडे भरून आणलेला अहवाल अधिकाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. बेदाण्याचा कच्चा माल द्राक्षांच्या हंगामातच, थोड्या महिन्यांत खरेदी करावा लागतो, आणि विक्री मात्र पुढे वर्षभर चालते. म्हणून यंत्रासाठी मुदत कर्ज आणि मालखरेदीसाठी खेळते भांडवल यांची मागणी वेगवेगळी मांडावी, आणि पहिला हप्ता विक्री सुरू झाल्यानंतरचा मागावा. मंजुरीपत्र हाती आले की सही करण्याआधी व्याजदर, हमीशुल्क, विम्याची रक्कम आणि पहिल्या हप्त्याची तारीख या चार ओळी शाखेतच बसून वाचाव्यात, आणि ठरल्यापेक्षा काही निराळे दिसल्यास दुरुस्ती लेखी मागावी.